एका दिवसात मुंबई, लोकल-बेस्ट-मेट्रोने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर आठवड्याला मी सहा-आठ जणांना मुंबई दाखवायला घेऊन निघतो. भाड्याची गाडी नसते. मुंबईकर ज्याने फिरतात त्यानेच आपण फिरतो. त्याबद्दल लोक फोनवर आणि मेसेजवर पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे त्यांच्याच शब्दांत घेतले आहे. प्रश्नांना क्रमांक दिलेत, म्हणजे एकाच गोष्टीची दोनदा उत्तरे नकोत.

१. दिवसभरात नेमकं काय काय बघून होतं?

सकाळी पावणेसातला दादर पश्चिमेच्या फूलबाजारात भेटतो. तासाभराने नाश्ता करून मध्य रेल्वेच्या धीम्या लोकलने सीएसएमटीला (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला) जातो. तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून हुतात्मा चौक, पुढे एशियाटिक ग्रंथालयाच्या पायऱ्या, काळा घोडा, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि गेटवे. जेवणानंतर बेस्टच्या बसने ओव्हल मैदानाकडे येतो. मैदानाच्या एका बाजूला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय, समोरच्या बाजूला १९३०च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मग भुयारी मेट्रोने गिरगाव, खोताची वाडी, चौपाटी आणि सूर्यास्ताला मरीन ड्राइव्ह.

यात हाजीअली, सिद्धिविनायक, राणीची बाग, जुहू नाही. ‘सगळी मुंबई एका दिवसात’ असं सांगणारे गाडीच्या काचेतूनच दाखवतात, हे मी प्रत्येकाला आधीच सांगतो.

२. सरळ गाडी करून का फिरवत नाही? पैसे थोडे जास्त द्यायची आमची तयारी आहे.

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

या शहरात लोकल हीच बघण्याची गोष्ट आहे. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली ३४ किलोमीटरची गाडी ही देशातली पहिली प्रवासी रेल्वे, आणि आपण ज्या रुळांवरून सीएसएमटीला जातो तो तोच मार्ग. दादर सुटलं की परळ, करी रोड, चिंचपोकळी ही स्टेशनं ओळीने लागतात. हे गिरणगाव. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर इथलं सगळंच बदलत गेलं. खिडकीतून कुठे एखादी उरलेली चिमणी दिसते, तिच्या शेजारी चाळीस-पन्नास मजल्यांचे टॉवर, आणि मधे चाळींच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे. त्या पंधरा-वीस मिनिटांत शंभर वर्षांचा इतिहास समोरून सरकतो. पुलावरून जाणाऱ्या टॅक्सीतून यातलं काहीच दिसत नाही.

दुसरं म्हणजे माणसं. तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकायला जागा करून देणारी, ‘पुढे उतरणार का?’ असं विचारत दाराकडे सरकणारी, डब्यात भाजी निवडणारी माणसं बघितल्याशिवाय मुंबई बघितली असं मला मनापासून वाटत नाही. म्हणून गाडीची फेरी मी घेत नाही.

३. एवढ्या सकाळी कशाला? नऊला निघालो तर?

नऊला दादरहून दक्षिणेकडे जाणाऱ्या लोकलमध्ये नवख्या माणसाला घेऊन चढणं मी करणार नाही. सकाळी साधारण आठ ते अकरा सगळी गर्दी उपनगरातून दक्षिण मुंबईकडे धावते आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ ती उलट दिशेला वळते. आपला सगळा दिवस या भरती-ओहोटीच्या बेताने आखला आहे. गर्दीच्या आधी खाली जायचं आणि ती ओसरल्यावर परत फिरायचं.

शिवाय फूलबाजार सकाळचाच. ओल्या गोणपाटावर झेंडूचे केशरी-पिवळे ढीग, शेवंती किलोवर, मोगऱ्याच्या कळ्या कागदाच्या पुडीत, आणि पायाखाली चिखल झालेल्या पाकळ्या. दहानंतर गेलात तर यातलं निम्मं उरत नाही.

४. प्रत्येक वाहनाचं वेगळं तिकीट काढायचं का? एकच पास मिळत नाही का?

लोकलसाठी रेल्वेचं रेलवन अ‍ॅप, स्टेशनातलं तिकीट यंत्र किंवा खिडकी. अ‍ॅपवर तिकीट स्टेशनात शिरायच्या आधी काढायचं. आत आल्यावर काढायचं तर स्टेशनात लावलेला क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो. पुष्कळजण इथे अडकतात. बेस्टचं तिकीट वाहकाकडे किंवा चलो अ‍ॅपवर. मेट्रोचं यंत्रावर, खिडकीवर किंवा मोबाइलवर, पण मोबाइलवर काढणार असाल तर रस्त्यावर उभे असतानाच काढा, खाली नेट मिळेलच असं धरू नका.

नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड असेल तर ते मेट्रोला आणि बेस्टला चालतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या मुंबई वन अ‍ॅपवर लोकल, मेट्रो आणि बस यांची तिकिटं एकत्र मिळतात. लोकलसाठी एक, तीन आणि पाच दिवसांचं पर्यटक तिकीटही असतं. आपल्या फेरीत लोकलचे दोनच टप्पे असल्याने त्याचा फायदा होत नाही. अंधेरी, ठाणे, बोरिवली अशी दूरवर भटकंती असेल तर जरूर घ्या.

५. प्रवासाला एकूण खर्च किती येतो?

माणशी पन्नास रुपयांच्या आत. दादर ते सीएसएमटी लोकलचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट ५ रुपये. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ पासून साध्या बसला १० आणि एसी बसला १२ रुपये. मेट्रोचं भाडं अंतराप्रमाणे १० ते ७० रुपये, आपला टप्पा छोटा असतो. वस्तुसंग्रहालयाचं तिकीट आणि खाणं वेगळं.

६. आम्ही गावाकडचे, लोकलमध्ये चढायचीच भीती वाटते. जमेल का?

जमतं. आजवर ज्यांनी हा प्रश्न विचारला त्यांतल्या बहुतेकांना दुपारपर्यंत खिडकीची जागा हवी असते. फलाटावर गेल्यावर मी चार गोष्टी सांगतो, त्या इथेही सांगतो.

उतरणारे आधी पूर्ण उतरू द्यायचे, दाराच्या दोन्ही कडांना उभं राहायचं. पाठीवरची पिशवी पोटाशी घ्यायची. आत शिरल्यावर दारात रेंगाळायचं नाही, बाकांच्या मधे सरकायचं. आणि पुढचं स्टेशन डाव्या बाजूला येणार की उजव्या, हे शेजारच्याला आधीच विचारून ठेवायचं, कुणीही सांगतो. सुटलेली गाडी धावत पकडायची नाही. चार-पाच मिनिटांत दुसरी येते. रूळ ओलांडणं तर कधीच नाही, पूल कितीही लांब असला तरी.

गटात आठपेक्षा जास्त माणसं घेत नाही ती यासाठीच. आठजण एका दारातून वीस सेकंदांत चढू शकतात, बाराजण नाही. तरीही कुणी मागे राहिलं तर प्रश्न ९ पाहा.

७. इंडिकेटर कसा वाचायचा? स्लो आणि फास्ट यांत काय फरक?

इंडिकेटरवर शेवटच्या स्टेशनाचं नाव किंवा त्याचं एक-दोन अक्षरी रूप, गाडी धीमी की जलद, आणि वेळ असते. धीमी प्रत्येक स्टेशनावर थांबते. जलद मध्य मार्गावर सीएसएमटीनंतर भायखळा, मग दादर. पश्चिम मार्गावर चर्चगेटनंतर मुंबई सेंट्रल, मग दादर. म्हणजे मरीन लाइन्स, चर्नी रोड आणि ग्रँट रोडला जायचं तर धीमीच घ्यावी लागते.

एकदा चर्चगेटला बोलण्याच्या नादात मी गटाला जलद गाडीत चढवलं. चर्नी रोड डोळ्यांसमोरून निघून गेलं, मुंबई सेंट्रलला उतरून परत यावं लागलं आणि त्या लोकांचा सूर्यास्त हुकला. तेव्हापासून गाडीत पाय ठेवण्याआधी इंडिकेटर मी मोठ्याने वाचतो.

दादरला आणखी एक गोंधळ होतो. पूर्वी पश्चिम आणि मध्य दोन्हीकडे फलाट एकपासून सुरू व्हायचे. डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४ असे सलग क्रमांक आहेत. जुन्या आठवणीने कुणी ‘फलाट दोन’ सांगितलं तर खात्री करून घ्या.

८. फर्स्ट क्लास किंवा एसी लोकलने नेता का?

नेत नाही. आपल्या वेळेला दुसऱ्या वर्गातही बसायला मिळतं. स्वतः फिरताना मात्र एवढं लक्षात ठेवा: साध्या तिकिटावर एसी लोकलमध्ये चढता येत नाही. पहिल्या वर्गाचा डबा बाहेरच्या तिरप्या पट्ट्यांवरून ओळखू येतो. चुकून चढलात आणि टीसी आला तर भाड्याच्या फरकासोबत किमान २५० रुपये दंड भरावा लागतो. ‘माहीत नव्हतं’ हे सांगून उपयोग होत नाही, तेव्हा पट्टे बघूनच चढा.

९. बायका लेडीज डब्यात आणि पुरुष जनरलमध्ये, मग चुकामूक झाली तर?

सकाळी लवकर आणि दुपारी आपण सगळे जनरल डब्यातच एकत्र बसतो. एखाद्या ताईंना किंवा मावशींना लेडीजमध्ये जायचं असेल तर खुशाल जा. ज्या स्टेशनावर उतरायचं ते पाठ करून घ्या, उतरल्यावर पुलाच्या पहिल्या पायरीशी थांबा.

कुणी फलाटावर मागे राहिलं, तरी नियम तोच. मागे राहिलेल्याने पुढची धीमी पकडायची आणि ठरलेल्या स्टेशनावर उतरायचं. पुढे गेलेल्यांनी परत फिरायचं नाही. दोन्हीकडची माणसं एकमेकांना शोधत निघाली की तास जातो.

१०. आई-बाबा सत्तरीच्या पुढे आहेत. गुडघे दुखतात. झेपेल का?

फेरीत चालणं बरंच आहे आणि स्टेशनांचे जिने सोपे नाहीत. पूर्ण दिवसाचा आग्रह धरू नका. अशा मंडळींसाठी मी बेत बदलतो: दादरहून लोकलऐवजी मेट्रो ३, म्हणजे तीच भुयारी मेट्रो. हिच्या स्टेशनांत लिफ्ट आहेत, गाडी आणि फलाट एका पातळीत आहेत, आणि सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, गिरगाव ही सगळी स्टेशनं आपल्या वाटेवरच आहेत. आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झाल्याने हे शक्य झालं. व्हीलचेअर असेल तरी हाच मार्ग. लोकलला अपंगांसाठी वेगळा डबा असतो, पण फलाट आणि पायरी यांतली फट बघता मी तो धोका घेत नाही.

फूलबाजारात ओल्या फरशीवर पाय घसरतो. तिथे आजी-आजोबांना कडेला बसवूनच पुढे जातो.

११. नातवंडं अमेरिकेतून आली आहेत, मराठी जेमतेम. त्यांना कंटाळा येईल का?

मुलांसाठी बेस्ट ही मोठी शाळा आहे. बसच्या कपाळावर क्रमांक देवनागरीत असतो: १३८, १११, १२४. समोरून येणारी बस आपली आहे का, हे ओळखायचं काम मी मुलांवर सोपवतो. सकाळी ‘१’ आणि ‘९’ यांत गोंधळणारी मुलं दुपारपर्यंत आजोबांच्या आधी नंबर वाचून दाखवतात. दुमजली बस मिळाली तर वरच्या मजल्यावरची पुढची जागा त्यांचीच.

सीएसएमटीच्या दगडात प्राणी शोधायला लावतो, ते प्रश्न १२ मध्ये आहे. तिकिटाचं म्हणाल तर रेल्वेत पाच वर्षांखाली तिकीट लागत नाही, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं.

१२. सीएसएमटी आतून बघता येतं का?

इमारतीचा मोठा भाग म्हणजे मध्य रेल्वेचं मुख्यालय, चालू कचेरी. तिथे आपण शिरत नाही. पण उपनगरी तिकीटघराचं दालन सर्वांना खुलं आहे आणि रोज हजारो माणसं मान वर न करता तिथून जातात. आपण थांबतो. छताकडे बघा, खांबांच्या माथ्यावरची कोरलेली पानं बघा.

मग रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूने उभे राहतो. प्रवेशद्वाराच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ आहे. सिंह ब्रिटनचा, वाघ भारताचा. दर्शनी भागावर मोर आहेत, माकडं आहेत, पानांच्या आडोशाला लपलेले लहान जीव आहेत. या कोरीवकामात सर जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. बांधकाम १८७८ला सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. समोरची महापालिकेची इमारत आणि चर्चगेटचं पश्चिम रेल्वेचं मुख्यालयही त्यांचंच. २००४ मध्ये स्टेशन जागतिक वारसा यादीत गेलं. ऊन दगडावर तिरपं पडतं तेव्हा हे सगळं उठून दिसतं. माझ्या मते फेरीतली सर्वांत मोलाची वीस मिनिटं ही आहेत.

१३. त्याच दिवशी एलिफंटा करता येईल का?

नाही. गेटवेहून लाँचने जायलाच साधारण तास लागतो, यायला तेवढाच, वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आणि लेणी. त्रिमूर्तीसमोर पाच मिनिटं थांबून परत फिरायचं असेल तर जाऊच नये. घारापुरीसाठी वेगळा दिवस ठेवा, सोमवार टाळा (लेणी बंद असतात), आणि पावसाळ्यात समुद्र खवळलेला असला की लाँच सुटत नाहीत हे लक्षात घ्या.

१४. जेवणाची आणि स्वच्छतागृहाची सोय काय?

नाश्ता दादरला: मिसळ, कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, वर पियुष. दुपारचं जेवण फोर्टात, ज्याला जे हवं ते. संध्याकाळी चौपाटीवर भेळ, कुल्फी.

स्वच्छतागृहासाठी सर्वांत बऱ्या जागा म्हणजे वस्तुसंग्रहालय आणि नाश्ता-जेवणाची हॉटेलं. तिथे गरज नसली तरी जाऊन या. बायका हा प्रश्न बहुतेक वेळा खाजगीत विचारतात आणि मग दिवसभर पाणी कमी पितात. तसं करू नका. मला सांगा, मी गट थांबवतो.

१५. आम्ही पुण्याहून किंवा नाशिकहून सकाळी येऊन रात्री परत जाणार. सामानाचं काय?

डेक्कन क्वीन असो वा पंचवटी, सीएसएमटीला यायला दहा वाजून जातात. तेव्हा फूलबाजार आणि गिरणगावचा टप्पा सुटतो, तुम्ही आम्हाला फोर्टात येऊन मिळता. डेक्कन क्वीननेच परत जायचं असेल तर ती संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटते, म्हणजे गिरगावही हुकतं. उशिराची गाडी बघा, नाहीतर एक रात्र राहा.

मोठं सामान घेऊन फेरीत येऊ देत नाही. सीएसएमटीला क्लोकरूम आहे. बॅगेला कुलूप हवं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं.

१६. रविवारी सुट्टी असते, तेव्हाच का नेत नाही?

मेगाब्लॉक. रुळांच्या, तारांच्या दुरुस्तीसाठी रविवारी सकाळी अकराच्या सुमारापासून दुपारी चारपर्यंत कुठल्या ना कुठल्या मार्गावर गाड्या वळवतात, काही रद्द होतात. शनिवारच्या वर्तमानपत्रात तपशील येतो. स्वतः रविवारी फिरणार असाल तर तो वाचूनच घर सोडा. जलद गाड्या धीम्या मार्गावर गेल्या की नेहमीच्या फलाटावर उभं राहून उपयोग नसतो. मी शनिवारी आणि कामाच्या दिवशी नेतो.

वस्तुसंग्रहालय सोमवारीही उघडं असतं, सकाळी सव्वादहापासून. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला बंद.

१७. पावसाळ्यात फेरी असते का?

असते, आणि ओल्या फोर्टाइतकं देखणं दुसरं काही नाही. छत्रीपेक्षा रेनकोट आणा, लोकलमध्ये ओली छत्री शेजाऱ्याला त्रास देते. मात्र रेड अलर्ट असेल, किंवा मुसळधार पावसाच्या दिवशी साडेचार मीटरच्या वरची भरती असेल, तर मी आदल्या रात्री फेरी रद्द करतो. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी समुद्रात जात नाही, सखल भाग तुंबतात आणि लोकल थांबतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा माणसं रात्रभर स्टेशनांवर आणि रस्त्यावर अडकली. तो दिवस ज्यांनी बघितला ते याबाबतीत धाडस करत नाहीत.

१८. गणपतीत किंवा ६ डिसेंबरला येऊ का?

गणपतीत या, पण अनंत चतुर्दशीला नको. गिरगावातले रस्ते बंद असतात आणि चौपाटीवर मुंगीला जागा नसते. बाकीच्या दिवसांत मी केशवजी नाईक चाळीत थोडा वेळ नेतो. १८९३ पासून तिथे सार्वजनिक गणेशोत्सव साजरा होतो.

६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी बाबासाहेबांना अभिवादन करायला देशभरातून लाखो लोक दादरच्या चैत्यभूमीवर येतात. त्यांच्या गर्दीत आपण पर्यटक म्हणून वाट अडवू नये. त्या आठवड्यात मी दादर वगळतो आणि सीएसएमटीपासून सुरुवात करतो. अभिवादनासाठीच यायचं असेल तर जरूर या.

१९. खोताची वाडीत फोटो काढता येतात ना?

गल्लीतून चालताना काढा. पण ती लाकडी जिन्यांची, रंगीत गॅलरीची घरं म्हणजे देखावा नाही, तिथे माणसं राहतात. दारात बसलेल्या आजींचा फोटो हवा तर आधी विचारा. उघड्या खिडकीत कॅमेरा घालायचा नाही. चारपेक्षा जास्त माणसं एका ओट्यासमोर थांबत नाहीत, तिथे मी गट दोन भागांत नेतो.

२०. दमलो तर मध्येच रिक्षा करून घरी जाऊ का?

दादर, फोर्ट, गिरगाव इथे रिक्षा नाहीच. माहीम-सायनच्या दक्षिणेला रिक्षाला परवानगी नाही. काळी-पिवळी टॅक्सी मिळते, मीटरने. थकलेल्या माणसाला मी जवळच्या मेट्रो स्टेशनापर्यंत सोडतो, तेच सर्वांत सोपं पडतं.

२१. संध्याकाळी फेरी कुठे संपते आणि परत कसं जायचं?

चौपाटीवर लोकमान्यांच्या पुतळ्यापाशी थोडं थांबतो. १ ऑगस्ट १९२०ला त्यांचे अंत्यसंस्कार याच वाळूत झाले. मग मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसून दिवे लागताना बघायचे. तिथून लगेच उठून चर्नी रोडला गर्दीच्या गाडीत शिरू नका. साडेआठपर्यंत बसा आणि चालत चर्चगेटला जा. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे जागा मिळते. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या मंडळींनी चर्चगेटहून मेट्रोने सीएसएमटीला यावं, दुसरंच स्टेशन, आणि तिथे सुटणारी गाडी पकडावी. मेट्रो रात्री साडेदहाच्या सुमारास थांबते. लोकल त्यानंतरही मध्यरात्र उलटेपर्यंत असतात.